मुलीचा कान ठणकतो, वडिलांच्या कानात खाज

प्रश्न : माझी तीन वर्षांची मुलगी आठवडाभर सर्दीने बेजार होती. परवा मध्यरात्री तिचा एक कान ठणकू लागला. सासूबाई लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडणार होत्या, पण मी ते टाळले. सकाळी डॉक्टरांनी कान तपासला. मात्र अँटिबायोटिक न देता केवळ पॅरासिटामॉल दिले आणि दोन दिवसांनी बोलावले. हे दुर्लक्ष तर नव्हे? पाऊस सुरू झाल्यापासून माझ्या यजमानांचाही कान खाजतो व दुखतो. त्यांना मुलीकडून संसर्ग झाला असेल का? घरात असलेले कानाचे जुने थेंब चालतील का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : हे दुर्लक्ष नव्हे; पडदा पाहून घेतलेला विचारपूर्वक निर्णय आहे. नाकाची मागील बाजू आणि मध्यकर्ण यांना जोडणारी नलिका लहान मुलांमध्ये आखूड व बरीचशी आडवी असते. त्यामुळे सर्दीत ती सुजून बंद झाली की पडद्यामागे द्रव साचतो, त्यात जंतू वाढतात आणि ताणलेला पडदा ठणकू लागतो. आडवे झाल्यावर हा ठणका वाढत असल्याने मुले बहुधा रात्रीच रडत उठतात. दोन वर्षांवरील मुलाच्या एकाच कानातील सौम्य संसर्ग पुष्कळदा अँटिबायोटिकशिवाय बरा होतो, म्हणून ४८ ते ७२ तास वाट पाहिली जाते. या काळात वजनानुसार ठरवलेले वेदनाशामक वेळेवर द्यावे. मुलीने दुखणे सोसावे, असे कोणीही सुचवत नाही.

सहा महिन्यांखालील बाळ, दोन वर्षांखालील मुलाचे दोन्ही कान, १०२ अंशांहून अधिक ताप किंवा कान फुटून पू येणे, अशा वेळी मात्र सहसा अँटिबायोटिक लगेच सुरू करतात. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, मान ताठरली किंवा चेहरा एका बाजूला वाकडा झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तेल आपण टाळलेत, हे फार चांगले केलेत. पडदा शाबूत असेल, तर ते आतल्या संसर्गापर्यंत पोहोचत नाही आणि पडद्याला छिद्र असेल, तर थेट मध्यकर्णात उतरते. सासूबाईंची माया खरी आहे. कोरड्या, सोसवेल इतक्या कोमट फडक्याने त्यांनी कान बाहेरून शेकल्यास मुलीला बरे वाटेल.

दुखणे थांबल्यावरही द्रव काही आठवडे आत राहू शकतो व तोवर ऐकू कमी येते. हाक मारल्यावर मूल वळत नसेल, तर त्याला हट्टी ठरवण्याआधी कान पुन्हा तपासून घ्यावेत, आणि द्रव तीन महिने टिकल्यास श्रवणचाचणी करावी.

यजमानांचा त्रास बहुधा निराळा आहे. मध्यकर्णाचा संसर्ग एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात जात नाही. पसरते ती सर्दी. कोकणातील दमट पावसाळ्यात ओलसर राहिलेल्या आणि काडीने कोरलेल्या कानाच्या बाहेरच्या नळीत बुरशी किंवा जंतू वाढतात. कानाची पाळ ओढल्यावर दुखणे वाढले, तर ही शक्यता बळावते. त्यावर तज्ज्ञांकडून कान साफ करून घेणे आणि तो कोरडा राखणे, हाच उपचाराचा मोठा भाग असतो. जुने थेंब दोघांनाही घालू नयेत, कारण अँटिबायोटिक व स्टेरॉइड असलेल्या थेंबांनी बुरशी वाढू शकते आणि पडद्याला छिद्र असल्यास काही थेंब आतील कानाला इजा करतात. यजमानांना मधुमेह असेल, तर मुळीच थांबू नये. अशा रुग्णांत बाहेरच्या नळीचा संसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो.