आंब्याखालची उघडी जमीन

प्रश्न : अंगणात जुना आंबा आहे. त्याच्याखाली बरीच जागा मोकळी पडून आहे. मिरची, टोमॅटो लावून पाहिले. रोपं नुसती लांबट वाढली, फळ धरलं नाही. आता खोडाभोवती माती भरून वाफे करावेत असं वाटतं. तिथे उपयोगाचं काय येईल?

उत्तर : आधी ती माती थांबवा. झाडाची पाणी ओढणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात. त्यांच्यावर वीतभर भर पडली की हवा कोंडते, आणि खोडाला टेकलेल्या ओल्या मातीने साल कुजते.

मिरची-टोमॅटोला रोज सहा तास तरी ऊन हवं, तेव्हा त्यांचा नाद सोडा. भर दुपारी झाडाखाली उभे राहा. जमिनीवर कवडसे हलताना दिसले तर बरंच काही येईल. एकही दिसत नसेल तर खालच्या एक-दोन फांद्या काढल्याशिवाय रोपं आणू नका.

निवड करताना मी एकच बघतो : पीक खुडायचं आहे की खणायचं? खोडाजवळ फक्त खुडायचं. अडुळसा, पानओवा, पाणी घालायला रोज कोणी असेल तर पुदिना. हळद आणि आलं सावली छान सोसतात, पण काढताना कुदळ आंब्याच्या मुळांवर चालते. म्हणून ती रुंद पिशव्यांत लावा. पिशव्या विटांवर ठेवा, नाही तर आंब्याची मुळं खालच्या भोकांतून आत शिरतात आणि तुमचं खत तीच खातात! आठ-नऊ महिन्यांनी हळदीची पानं पिवळी पडून वाळली की पिशवी उलटी करायची.

माझी खरी आवड मात्र मिरी. आंब्याची खरबरीत साल तिला आयती मिळते (पेरूसारख्या साल टाकणाऱ्या झाडावर ती नीट धरत नाही). खोडापासून दीड वीत लांब, मुळं फुटलेलं रोप लावा. वेलाची मुळं सालीला पकडेपर्यंत सैल बांधत राहा. घोस तिसऱ्या-चौथ्या वर्षी. फार गच्च सावलीत नुसती पानंच मिळतील, हेही सांगून ठेवतो. नागवेलीला तशी पानंच हवी असतात, तेव्हा दुसऱ्या बाजूला ती चढवा.

पाऊस पडला तरी छत्राखाली जमीन कोरडी राहते, म्हणून बोट खुपसून ओल बघा आणि मगच पाणी घाला. गळलेली पानं झाडून नेऊ नका, रोपांभोवती तशीच पसरू द्या.