टाकीतला पेट्रोल पंप

प्रश्न : माझी १९९१ची माझ्दा एमएक्स-५ गरम झाली की बंद पडते. पंप बदलायला टाकी उतरवावी लागेल का?

उत्तर : नाही. पण आधी खात्री करा: बोनेटखालच्या डायग्नोसिस बॉक्समधली (बिघाड तपासायची डबी) एफ/पी (फ्युएल पंप) आणि जीएनडी (ग्राउंड, म्हणजे अर्थ) टोकं वायरने जोडून इग्निशन चालू करा, पंपाची घरघर ऐकू यायला हवी.

सीटमागचा गालिचा उचलला की पत्र्याचं झाकण दिसेल, पंप त्याच्याखाली टाकीत असतो. इंजिन चालू ठेवून पंपाचा कनेक्टर काढा. इंजिन बंद पडलं की पेट्रोलच्या नळीतला दाब उतरला. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. टाकी अर्ध्याखाली असावी, जागा मोकळ्या हवेची.

पंपाच्या तोंडाची गाळणीची जाळी आणि झाकणाचं गॅस्केट (गळती रोखणारी चकती) नवीनच घ्या. टाकीच्या आत पंपाला जोडलेली नळी मात्र पेट्रोलमध्ये बुडून टिकणारी, जे३०आर१० दर्जाचीच हवी. साधी नळी बाहेरूनही पेट्रोल शोषून फुगते, फाटते आणि नव्या पंपाचाही दाब टाकीतच गळतो.