डोहाळ्यांचा डोहाशी काय संबंध?

शिवजयंतीला शिवाजी पेठेत पोवाडा ऐकून आलेल्या एका मित्राचा प्रश्न: शाहीर म्हणाले, जिजाऊंना गड चढायचे, तलवार धरायचे डोहाळे लागले. हा शब्द ‘डोहा’वरून आला का? आणि गरोदरपणी चिंचा-आवळे मागायचे, तर तलवार कुठून आली?

डोहाचा संबंध नाही. डोह हा ‘ह्रद’ म्हणजे खोल पाणी, यातून आला. डोहाळ्याच्या मुळाशी आहे ‘हृदय’. दिसायला सख्खी भावंडं, पण घराणी वेगळी. संस्कृतात दोहद, प्राकृतात दोहल, मराठीत डोहाळा. ‘दंशा’चा डास झाला तसा इथं द चा ड झाला. शेवटच्या द चा ळ झाला, तो कदंबाचा कळंब होतो त्या चालीनं.

खरी गंमत अर्थात आहे. सुश्रुत म्हणतो, चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं. म्हणून ती बाई द्विहृदया, ‘दौहृदिनी’. आपल्याकडच्या आयाबाया ‘दोन जिवांची’ म्हणतात ते हेच. म्हणजे मागणी तिच्या तोंडून येते, पण मागणारा आत बसलेला असतो. क्रियापदही बघा: आपण डोहाळे ‘करत’ नाही, ते ‘लागतात’, भूक लागावी किंवा वेड लागावं तसे.

आता तलवारीचं कोडं सुटतं. सख्यांनी ‘काय खावंसं वाटतं’ विचारावं आणि जिजाऊंनी हत्ती, गड, सिंहासन मागावं, हा प्रसंग शाहीर रंगवतात तो त्यामुळेच. शिवबा अजून जन्मायचे आहेत, पण बोलायला लागलेत. बाई आई व्हायच्या आधीच कुणीतरी वेगळी झालेली असते, हे दाखवायला मला तरी पोवाड्यातली ही जागा सगळ्यात सरस वाटते. डफाची थापही तिथं नेमकी बदलते.

ही युक्ती शाहिरांनी आज काढलेली नाही. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात राणी सुदक्षिणा माती खाते. कालिदास कारण देतो: पोटातला मुलगा पुढं पृथ्वी भोगणार, म्हणून आईला आधी मातीचीच चव हवीशी झाली.

‘सत्तेचे डोहाळे’, ‘भिकेचे डोहाळे’ हे मात्र टोमणे. तिथं पोटात कुणी नाही, नुसती हाव आहे किंवा दुर्बुद्धी.

आणि लागतात तिला, पण ‘पुरवायचे’ असतात घरच्यांनी. भर उन्हात कपिलतीर्थ मंडईत कच्ची कैरी शोधत हिंडणारा गडी बाप व्हायला तिथूनच लागतो.

आमच्या आजीला वडिलांच्या वेळी चुलीची भाजकी माती खावीशी वाटायची. कालिदासाच्या हिशेबानं वडिलांच्या वाट्याला पृथ्वी यायला हवी होती. सातबाऱ्यावर आले वीस गुंठे.