ताप उतरला, पण वजन का चढत नाही?

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. दरवर्षी धानाची रोवणी आटोपली की माझ्या मुलांची वजनं उतरायला लागतात. अमृत आहार योजनेची अंडी-केळी देते, टीएचआरची (घरी न्यायच्या पोषण आहाराची) पाकिटं घरोघर पोचवते, तरी दिवाळीपर्यंत चार-पाच मुलं पिवळ्या पट्टीतून (मध्यम कुपोषण) लाल पट्टीत (तीव्र कुपोषण) जातात. मीटिंगमध्ये मलाच विचारतात, आहार नीट देत नाही का? अंडं मी स्वतः सोलून हातात देते. यंदा गावात हिवताप खूप निघाला. त्यामुळे वजन उतरत असेल का?

उत्तर : हो ताई, उतरतं. तुमच्या अंड्यांत काही कमी नाही.

हिवतापाचा जंतू मुलाच्या तांबड्या पेशीत शिरतो, तिथेच वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. फाल्सिपेरम असो की वायव्हॅक्स, हिवतापाच्या या दोन्ही प्रकारांत साधारण ४८ तासांनी पेशींची पुढची खेप फुटते. ताप एका अंश सेल्सियसने वाढला तरी शरीराचा ऊर्जेचा खर्च १० टक्क्यांहून जास्त वाढतो. नेमकं तेव्हाच मूल तोंड मिटून घेतं, बळंच भरवलं तर ओकतं. तांबड्या पेशी फुटत जातात आणि नवीन रक्त तयार होण्याचं कामही मंदावतं. पांथरी वाढली की पोट पुढे येतं. आई म्हणते, याचं पोट तर भरलेलंच दिसतं! बरगड्या मोजता येतात, पण नजर पोटावरच जाते.

एक जुनी चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मी एका ग्रामीण रुग्णालयात होते. अडीच वर्षांच्या एका मुलाला फाल्सिपेरम झाला होता. तीन दिवसांच्या गोळ्या माझ्यासमोर दिल्या, ताप उतरला, घरी पाठवलं. त्याचं वजन मी केलं होतं ते फक्त गोळ्यांचा डोस ठरवायला. महिनाभराने तीच आई त्याला पदरात गुंडाळून परत घेऊन आली. जुलाब लागले होते, दंडाचा घेर १०.८ सेंटीमीटर. ११.५ च्या खाली लाल पट्टी असते, हे तुम्हाला सांगायला नको. ती म्हणाली, "बाई, ताप गेला तेव्हापासून हा जेवलाच नाही." हे मला पहिल्या खेपेलाच विचारायला हवं होतं. मुलगा पोषण पुनर्वसन केंद्रात राहून सावरला. तेव्हापासून हिवतापाच्या कोणत्याही मुलाला मी दोन आठवड्यांनी वजनाला बोलावल्याशिवाय सोडत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. आधीच कुपोषित असलेल्या मुलाला हिवताप झाला तर तो गंभीर होण्याचा आणि दगावण्याचा धोका जास्त असतो. त्यातही फसवं असं की तीव्र कुपोषित मुलाला कित्येकदा ताप येतच नाही. ताप चढवण्याइतकंही बळ अंगात उरलेलं नसतं. हात लावला तर अंग गार लागतं. म्हणून लाल पट्टीतल्या मुलाच्या आईला "ताप आहे का?" एवढंच विचारून थांबू नका. तुमच्या भागात अशा प्रत्येक मुलाच्या बोटातल्या रक्ताचा थेंब हिवताप तपासायच्या किटवर घ्यायला आशाताईंना सांगा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

आता माझी एक विनंती. हिवतापाची नोंद आशाताईंच्या वहीत असते, वजनाची तुमच्या वहीत. महिन्यातून एकदा या दोन वह्या शेजारी ठेवून बसा. ऑगस्ट ते नोव्हेंबर तर नक्कीच. ज्याचं नाव दोन्हीकडे आहे, त्याच्या घरी आधी जा. मीटिंगमध्येही नुसता वजनाचा तक्ता नेऊ नका. कोणाला कधी हिवताप निघाला त्या तारखा वजनासमोर लिहून न्या. मग वजन का उतरलं हे तुम्हाला तोंडाने सांगावं लागणार नाही.

वायव्हॅक्सचं आणखी एक. तो यकृतात दडून राहतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा उठतो. दर वेळी थोडं वजन घेऊन जातो. म्हणून यकृतातल्या जंतूला मारणाऱ्या प्रायमाक्विन गोळ्यांचा १४ दिवसांचा कोर्स पुरा झाला का, हे बघा. ताप गेला की चौथ्या दिवशी गोळ्या फडताळात जातात. वर्षाच्या आतल्या बाळाला आणि गरोदर बाईला मात्र ही गोळी चालत नाही.

ताप गेल्यावर निदान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. पातळ पेजेने पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. घट्ट भात, त्यात चमचाभर तेल, कुस्करलेलं अंडं, शेंगदाण्याचं कूट आणि गूळ. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. अंगावरचं दूध तोडू नये. आणि शेतात बांधीवरच्या झोपडीत मुक्काम असेल तर मच्छरदाणी घरी खुंटीला टांगून ठेवू नका, मुलासोबत तिथे न्या.

गरोदर बायांनाही यातून वगळू नका. पोटुशी असताना हिवताप झाला तर बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं. तुमच्या वहीत त्याचं नाव चढण्याआधीच ते मागे पडलेलं असतं.

प्रश्न : माझी मुलगी तीन वर्षांची आहे. रक्त कमी म्हणून लोहाचं सिरप चालू आहे. शेजारी म्हणतात, हिवतापाच्या गावात लोह देऊ नये, जंतूला बळ मिळतं. बंद करू का? – एक वडील, धानोरा तालुका

उत्तर : शेजाऱ्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. टांझानियातल्या पेंबा बेटावर हजारो लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक आम्ल दिलं, तेव्हा त्या मुलांत गंभीर आजारपण वाढलेलं दिसलं. २००६ साली ते प्रसिद्ध झालं आणि जगभर चर्चा झाली. पण जिथे हिवताप लगेच तपासला जातो आणि उपचार मिळतात, तिथे लोह देणं सुरक्षित आहे, हे पुढच्या अभ्यासांतून दिसलं. तेव्हा सिरप कायमचं बंद करू नका. ताप किंवा जुलाब असताना थांबवा, त्याच दिवशी किटवर रक्त तपासा, बरी झाली की पुन्हा सुरू करा. मुलगी तीव्र कुपोषित असेल तर मात्र लोह कधी सुरू करायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. तिथे आधी वजन वाढू लागावं लागतं.

आपल्या भागात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजारही आहे. तिची ती तपासणी झाली नसेल तर या महिन्यातच करून घ्या. आणि तापात ती सारखी झोपेत राहिली, झटके आले, पाणीही ठरेना किंवा तळहात पांढरे दिसले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. रात्रीच १०८ ला फोन करा.