टर्नटेबलखाली 1,80,000 रुपये घालावेत का?

प्रश्न: गिरगावात जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. जमीन लाकडी तुळयांवरची. स्प्रिंगवर तरंगणारा 10 किलोचा टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) आहे; कुणी चाललं की सुई उडते. दुकानदार 1,80,000 रुपयांचा आयसोलेशन प्लॅटफॉर्म (खालची कंपनं अडवणारा पाट) सुचवतो, 15 टक्के दराने 12 महिन्यांच्या कार्ड ईएमआयवर. शिल्लक 2 महिन्यांच्या खर्चापुरती आहे. घ्यावा का?

उत्तर: आत्ता घेऊ नका. प्रश्न नुसता पैशांचा नाही, तुमच्या घरात त्याने दुखणं वाढूही शकतं.

घरात चालताना सेकंदाला साधारण 2 पावलं पडतात. त्यातून 2 हर्ट्झची (सेकंदाला 2 कंप) आणि तिच्या पटीतली, 4-6 हर्ट्झची, कंपनं उठतात आणि लाकडी तुळया त्यांच्याबरोबर झुलतात. स्प्रिंगवरचा टर्नटेबल स्वतः 3 ते 5 हर्ट्झच्या आसपास झुलतो, म्हणजे नेमका पावलांच्या तावडीत. प्लॅटफॉर्मचंही तसंच. तो आपल्या नैसर्गिक वारंवारितेच्या (धक्का दिल्यावर सेकंदाला आपोआप जितक्यांदा झुलतो त्याच्या) 1.4 पटीवरचीच कंपनं अडवतो. ती 5 हर्ट्झ असेल तर 7 च्या पुढे उपयोग, 5 पाशी मात्र कंप वाढणार, आणि वर तुमचे स्प्रिंग असल्याने दोन झोके एकमेकांत गुंतणार. दुकानदाराला एवढंच विचारा: 10 किलो वजनाखाली याची नैसर्गिक वारंवारिता किती? ‘कंपनं शोषून घेतो’ हे त्याचं उत्तर नव्हे.

तुम्हाला भिंतीवरची फळी हवी. बाहेरची जाड विटांची भिंत पावलांनी सहसा हलत नाही (लाकडी पार्टिशन चालणार नाही). फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलचे दोन त्रिकोणी ब्रॅकेट करून घ्या, वर 18 मिमी प्लाय. 10 मिमीचे अँकर (भिंतीत रुतणारे बोल्ट) विटेतच बसवा. सांध्यातला जुना चुना भुसभुशीत असतो, तिथे अँकर सैल पडतो. वीटही ठिसूळ निघाली तर केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने भोकात चिकटवायचा बोल्ट, वापरा. ओल आलेली जागा टाळा. पातळी स्पिरिट लेव्हलने थेट प्लॅटरवर (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीवर) पाहा आणि केबल सैल सोडा, ताणलेल्या केबलमधून कंप पोचतो. मजुरीसकट 8,000 रुपये धरा.

आता ईएमआय. हप्ता सुमारे 16,250, वर्षाचं व्याज सुमारे 15,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 2,700, प्रोसेसिंग फी निराळी. नुसत्या व्याज-करात अशा दोन फळ्या होतील. शिवाय जेमतेम 2 महिन्यांची शिल्लक असताना हा हप्ता अंगावर घेतलात आणि घरात दुखणं निघालं, तर कार्डाची थकबाकी वर्षाला 36-42 टक्क्यांनी वाढत जाते. तेच 16,250 दरमहा रिकरिंगमध्ये टाका. वर्षात 1,95,000 जमतील. त्यातून आधी 6 महिन्यांचा खर्च बाजूला काढा.

फळी बसली की प्लॅटर थांबवून, जुन्या रेकॉर्डवर सुई टेकवून, आवाज हळूहळू वाढवा आणि कुणाला तरी चालायला सांगा. स्पीकरमधून धप् असा आवाज आला नाही, तर प्लॅटफॉर्मचा विषय संपला. आला, तर दुकानदाराकडून आठवडाभर घरी वापरायला आणि परत करायची मुभा लेखी मागा. त्याआधी इतके दिवस उड्या मारलेली सुई भिंगाखाली तपासून घ्या. टोक झिजलं किंवा तुटलं असेल तर प्रत्येक फेऱ्यात रेकॉर्डची खोबणी खरवडली जातेय. तो खर्च मात्र याच महिन्यात करा.