चर्चगेट ते दादर

"मुलाला क्लबने करारावर घेतलं तेव्हा आम्ही पेढे वाटले. आता वर्ष होत आलं, तो बेंचवरच बसतो. कॉलेजही धड झालं नाही. आमचं चुकलं का?" खेळाडू मुलांचे आईवडील मला हे वारंवार विचारतात. उत्तर म्हणून एका घराची हकीगत सांगते, त्यांना विचारून आणि ओळखीचे तपशील बदलून.

मुलगा 19 वर्षांचा, फुटबॉलपटू. जागा राइट विंगरची, म्हणजे उजव्या कडेने चढाई करायची. घर दादरजवळच्या नायगावला, वडील बेस्टमध्ये ड्रायव्हर. पहिल्या भेटीत मुलगा गप्प होता. वडिलांनी खिशातून छोटी डायरी काढून माझ्यापुढे ठेवली. एका रकान्यात मुलगा किती मिनिटं खेळला ते: 8, 0, 11, 0, 0, 6. शेजारच्या रकान्यात चुका. बॉल कुठे गेला, क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला बॉल) कुठे वाया गेला, सगळं तारीखवार.

"मॅडम, तो छांगते अठराव्या वर्षी भारताकडून खेळला. आमचा अजून बेंचवर."

छांगते म्हणजे लालियनझुआला छांगते, भारताचा विंगर. मुलगा बुटांकडे बघत राहिला.

मग मी त्याला एकट्याला भेटले. दुसऱ्या भेटीत तो मोकळा झाला. "समोर फुलबॅक, म्हणजे त्यांचा कडेचा बचावपटू, एकटा असतो. आत घुसायला हवं हे मला कळतं. पण बॉल गेला तर? आठच मिनिटं मिळालीयेत. मग मी मागे देतो." मागे दिलेला बॉल डायरीत चूक म्हणून लागत नाही, हे त्याच्या अंगात इतकं भिनलं होतं की त्याचं त्यालाही जाणवत नव्हतं. कूपरेजवरची मॅच संपली की चर्चगेटला गाडी धरायची आणि दादर येईपर्यंत वडिलांनी डायरी वाचायची, हा त्यांचा नेम होता.

इथे विंगरचं काम समजून घ्यायला हवं. गोलकीपर किंवा सेंटर बॅकची, म्हणजे मधल्या बचावपटूची, एक चूक म्हणजे अंगावर गोल. विंगर मात्र बॉल घेऊन समोरच्या बचावपटूला चार-पाचदा भिडतो तेव्हा कुठे एखादा क्रॉस नीट पडतो, आणि हे मोठमोठ्यांचंही होतं. मॅचच्या शेवटी कोच ताजा विंगर उतरवतो तो बहुतेक वेळा दमलेल्या बचावपटूच्या अंगावर धावून जायला. त्याने सुरक्षित पास दिले तर कोचला त्याच्यात काही दिसत नाही, मिनिटं आणखी कमी होतात, भीती आणखी वाढते. हा मुलगा त्याच फेऱ्यात अडकला होता.

वडिलांना दोष देणं मला जमलं नसतं. चोवीस वर्षं त्यांनी मुंबईच्या रस्त्यांवर एकही अपघात न करता बस चालवली होती. त्यांच्या कामात चूक म्हणजे कोणाचा तरी जीव. मुलाच्या मॅचसाठी ते ड्युट्या बदलून घ्यायचे. ती डायरी त्यांच्या मायेचीच होती, आणि ती बंद करा असं मी म्हटलं नाही. फक्त रकाना बदलायला सांगितला: मुलगा किती वेळा भिडला, तेवढंच लिहायचं. पुढे बॉलचं काय झालं ते लिहायचं नाही. आणि गाडीत मुलाने विषय काढला तरच मॅचबद्दल बोलायचं. ते त्यांना फार जड गेलं. "मी नुसता खिडकीबाहेर बघत बसतो हो," असं म्हणाले.

छांगतेची गोष्ट मी त्यांना पुढेही सांगितली. डिसेंबर 2015 मध्ये त्याने नेपाळविरुद्ध दोन गोल केले, ते खरंच. पण त्यानंतर नॉर्थईस्ट, दिल्ली, चेन्नई असे संघ बदलत तो जानेवारी 2022 मध्ये मुंबई सिटीकडे आला, आणि देशातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो 2022-23 च्या मोसमात. मधली वर्षं वगळून नुसतं अठरावं वर्ष मुलापुढे धरणं मला अन्यायाचं वाटतं. आणि प्रत्येकाचा छांगते होत नाही, हेही मी त्या दोघांना स्पष्ट सांगितलं. म्हणून मुलाने मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घातलं. कराराचा कागदही घरात पहिल्यांदाच नीट वाचला गेला: मुदत कधी संपते, लोनवर, म्हणजे काही काळापुरतं, दुसऱ्या क्लबकडे जाता येतं का.

सगळ्यात अवघड काम मुलाचं होतं. कोचकडे जाऊन विचारायचं, "सर, माझ्यात काय कमी पडतंय?" दोन आठवडे तो टाळत राहिला. शेवटी विचारलं. कोच म्हणाले, "बॉल आपल्याकडून गेला की तू चालत मागे येतोस. आपला फुलबॅक एकटा पडतो. तुला वीस मिनिटं कशी देऊ?" डायरीत हे कुठेच नव्हतं. बॉल त्याच्यापाशी नसतानाचं कोणी लिहीतच नव्हतं. पालकांनो, "माझ्या मुलाला का खेळवत नाही" असा फोन तुम्ही कोचला करू नका. मुलाला स्वतः विचारू द्या, उशीर लागला तरी चालेल.

पाच महिन्यांत चमत्कार झाला नाही. पहिल्या संघात तो अजूनही बहुतेक वेळा बेंचवरच असतो. पण वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर रिझर्व्ह संघाकडून त्याला अर्धा तास मिळाला. डायरीत नोंद: भिडला 6. त्यातल्या चार वेळा बॉल गेला, हे मला नंतर मुलानेच सांगितलं. एक क्रॉस बरोबर डोक्यावर पडला, हेडर बारवरून गेला.

वांद्र्याहून परतताना गाडीत मुलानेच विषय काढला. "बाबा, शेवटच्या वेळी मी बाहेरून जायला हवं होतं का?"

वडील म्हणाले, "ते मला नाही कळत रे. तू सांग."

तो सांगू लागला. दादर आलं तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं, म्हणून दोघं नायगावपर्यंत चालत गेले.