वाचकांचे प्रश्न: पैसे भरले की लॉगिन जातं कुठे?

प्रश्न: ताई, काणकोणला आमचं होमस्टे बुकिंगचं छोटं काम आहे, साईट जावात आहे, टॉमकॅट या सर्व्हरवर चालते. गिऱ्हाईक लॉगिन करतं, खोल्या बघतं, पेमेंट गेटवेच्या पानावर जाऊन पैसे भरतं आणि परत आलं की समोर लॉगिनचं पान. पैसे कापलेले, बुकिंग कुठेच दिसत नाही, मग आम्हाला फोनवर फोन. मी मडगावला बसून टेस्ट करते तेव्हा मात्र सगळं नीट चालतं. सेशन टाईमआऊट (सर्व्हर लॉगिन किती वेळ लक्षात ठेवतो ते) 30 मिनिटांचा 120 केला, काही फरक नाही. डिसेंबरची गर्दी तोंडावर आलीय, काय करू?

उत्तर: आधी टाईमआऊट परत 30 वर आणा, दोष तिथे नाहीच. ती मिनिटं शेवटच्या रिक्वेस्टपासून मोजली जातात, आणि गेटवेच्या पानावर अर्धा तास कोण बसतं?

खरी गोष्ट अशी की फेब्रुवारी 2020 मध्ये क्रोम 80 आला तेव्हापासून ज्या कुकीवर (माणूस ओळखायला साईटने ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) सेमसाईट, म्हणजे परक्या साईटवरून येताना ती पाठवायची का ही सूचना, लिहिलेलं नाही ती क्रोम लॅक्स धरतो, म्हणजे दुसऱ्या साईटवरून पोस्टने (फॉर्म पाठवल्यासारख्या रिक्वेस्टने) कोणी तुमच्याकडे आलं तर ती कुकी सोबत पाठवतच नाही, मग सर्व्हर माणसाला ओळखत नाही आणि लॉगिन मागतो. तुमचा गेटवे गिऱ्हाईकाला बहुतेक पोस्टनेच परत पाठवत असणार. आता तुमच्याकडे का चालतं ते बघा. क्रोमने यात एक सवलत ठेवलीय, कुकी तयार होऊन 2 मिनिटं झाली नसतील तर ती अशा पोस्टबरोबरही जाते. तुम्ही लॉगिन करता, पहिली खोली निवडता, टेस्ट कार्ड टाकता आणि 2 मिनिटांच्या आत परत. गिऱ्हाईक आधी चार खोल्यांचे फोटो बघणार, घरच्यांना विचारणार, मग पाळोळेच्या कोपऱ्यात रेंज नाही म्हणून ओटीपीची वाट बघत बसणार, त्याची 2 मिनिटं कधीच उलटून गेलेली असतात. त्यामुळे टेस्ट करताना लॉगिननंतर मुद्दाम पाच मिनिटं थांबा आणि मगच पैसे भरा.

खात्री करायची असेल तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा, प्रिझर्व्ह लॉग चालू ठेवा आणि गेटवेकडून येणारी पोस्ट बघा. तिच्यात जे-सेशन-आयडी (टॉमकॅटची सेशनची कुकी) नसेल आणि तुमच्या उत्तरात सेट-कुकी करून नवा जे-सेशन-आयडी जात असेल तर चोर सापडला. हे दुसरं जास्त वाईट आहे बरं का, कारण जुनं सेशन सर्व्हरवर अजून जिवंत असतं, पण तुम्हीच नवी कुकी देऊन जुनी पुसता आणि माणूस खरोखरचा लॉगआऊट होतो.

बरेच जण सांगतील की सेमसाईट नन (कुकी सगळीकडून पाठव) करा आणि सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर पाठव) लावा. चालेल, टॉमकॅटच्या कुकी प्रोसेसरमध्ये तशी सेटिंग आहे, पण मग कुठल्याही परक्या साईटवरून आलेल्या पोस्टबरोबर तुमची लॉगिनची कुकी जाणार, एका पानासाठी सगळ्या साईटचं संरक्षण कशाला सोडायचं? मला हे अजिबात पटत नाही.

त्यापेक्षा परतीचं पान सेशनवर अवलंबूनच ठेवू नका. ऑर्डर गेटवेकडे पाठवण्याआधी डेटाबेसमध्ये लिहा, परत आल्यावर गेटवेची डिजिटल सही तपासा, ऑर्डर नंबरवरून नोंद शोधा, पैसे आले म्हणून मार्क करा, आणि लगेच 303 ने (ब्राउझरला दुसऱ्या पानावर जायला सांगणारं उत्तर) तुमच्याच बुकिंगच्या पानावर पाठवा. ती रिक्वेस्ट गेट, म्हणजे साधं पान मागणारी, असते, तिच्याबरोबर लॅक्स कुकी जाते, जुनं सेशन सापडतं. मात्र त्या परतीच्या कोडमध्ये नवं सेशन तयार होता कामा नये, म्हणून सेशन मागणाऱ्या गेटसेशनला फॉल्स द्या, आणि तिथे जेएसपी (जावाचं वेबपान) असेल तर पेज डायरेक्टिव्हमध्ये सेशन फॉल्स लिहा, नाहीतर जेएसपी न विचारता स्वतःच सेशन उघडते. तो परतीचा पत्ता लॉगिन फिल्टरमधूनही (लॉगिन नसलेल्याला अडवणारा कोड) वगळा. शिवाय गेटवे सर्व्हर टू सर्व्हर कळवत असेल तर तेही जोडून घ्या, गिऱ्हाईकाचा फोन मध्येच बंद पडला तरी त्याच्या पैशाची नोंद राहते, आणि लोकांच्या पैशाचा मामला आहे, तिथे ब्राउझरच्या भरवशावर राहू नये.

प्रश्न: टॉमकॅटच्या पुढे एनजिनएक्स हा प्रॉक्सी सर्व्हर लावल्यापासून प्रत्येक क्लिकला परत लॉगिन मागतंय. — एक वाचक, फोंडा

उत्तर: अ‍ॅप टॉमकॅटमध्ये समजा स्लॅश-बुकिंगवर आहे आणि बाहेरून ते नुसत्या स्लॅशवर दिसतंय, असंच ना? कुकीचा पाथ स्लॅश-बुकिंग राहतो, ब्राउझरच्या पत्त्यात तो नाही, म्हणून ब्राउझर कुकी परत देतच नाही. एनजिनएक्समध्ये प्रॉक्सी कुकी पाथ लावा, किंवा सरळ अ‍ॅप रूट म्हणून डिप्लॉय करा, मला दुसरं बरं वाटतं. तरीही राहिलं तर कुकीवर सिक्युअर आहे आणि साईट साध्या एचटीटीपीवर उघडताय का ते बघा.